डब्यात नसलेल्या चिठ्ठ्या

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून आठ मिनिटांनी त्यांनी आपला फोन टेबलाच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं, किल्ली कुंदाताईंच्या हातात दिली आणि ते घरी गेले. दुपारी तीन वाजून दोन मिनिटांनी नऊ रुग्णवाहिका पडद्यावरून दिसेनाशा झाल्या. नऊच्या नऊ त्या वेळी रस्त्यावर होत्या.

कार्यालय इंदूरच्या विजय नगर भागात एका मॉलच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर होतं. आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन तिथे घेतले जात. बाहेरच्या मोठ्या खोलीत फोन घेणारे बसत. कुंदाताई त्यांच्या दिवसपाळीच्या प्रमुख. आतल्या खोलीत यंत्रणा सांभाळणारे आठ इंजिनिअर असत आणि या आठांचे प्रमुख म्हणजे किल्ली देऊन घरी गेलेले ते. वय अठ्ठावन्न. सगळे त्यांना दादा म्हणत. ते सगळ्यांना इंदुरी पद्धतीने भिया, म्हणजे भैया, म्हणत. मॅनेजरला, चहावाल्याला, फोन घेणाऱ्या मुलींना, आणि एकदा पाहणीला आलेल्या एका मोठ्या अधिकारी बाईंनाही.

इथे येण्याआधी मी एका हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. यंत्रणेतल्या प्रत्येक बदलाची नोंद लिहायला त्यांना माणूस हवा होता. मुलाखतीत त्यांनी एका इंजिनिअरने लिहिलेली दोन पानं पुढे केली.

"यात काय झालं ते सांगा."

मी वाचून म्हणाले, "काहीच झालेलं नाही. काय व्हायला हवं होतं ते लिहिलंय."

"उद्यापासून या भिया," ते म्हणाले. दुसरा प्रश्न विचारला नाही.

यंत्रणा म्हणजे एक कॉम्प्युटर नव्हता. बारा होते. काही विजय नगरला, काही सांवेर रोडवरच्या एका गोदामाच्या माडीवर, उरलेले दुसऱ्या शहरात. एक फोनची माहिती घेई, दुसरा जवळची गाडी शोधी, तिसरा ड्रायव्हरला कळवी, आणि हे सगळे दिवसभर एकमेकांना निरोप पाठवत. यातलं काही बदलायचं तर सगळं थांबवून बदलणं सोपं. ते त्यांना मान्य नव्हतं. यंत्रणा चालू असतानाच बदलता आली पाहिजे, आणि तशी ती पहिल्यापासून बांधली पाहिजे, एवढं एकच त्यांचं म्हणणं होतं. बाकीचं सगळं त्यातून निघे.

दुसरीकडे असे बदल रात्री होतात. त्यांच्याकडे मंगळवारी सकाळी अकराला होत, म्हणजे फोन सगळ्यात जास्त असण्याच्या वेळेला. मॅनेजरने यावर एकदा वाद घातला. मी हजर होते.

"दादा, सारी दुनिया रात को करती है. दोन तास बंद ठेवू, बोर्ड लावू, क्षमस्व."

"क्षमस्व कोणाला म्हणणार भिया? ज्याला अटॅक आला त्याला?"

"मग बंद नका करू. पण रात्री करा ना."

"रात्री चूक झाली तर ज्याला सुधारता येते तो झोपलेला असतो, अन् जो जागा असतो त्याला काही येत नसतं. जो बदल भर दिवसा करायची भीती वाटते, तो अजून तयार नाहीये. बस."

लोक त्यांच्या कामाला चालत्या गाडीचं चाक बदलणं म्हणत. ही उपमा त्यांना आवडत नसे. "चाक नाही बदलत अपन. पाचवं लावतो. ते जमिनीला टेकलं, फिरायला लागलं, की मग चौथं काढतो. मधे गाडी तीन चाकांवर कधी नसते."

म्हणून नवा कॉम्प्युटर आधी जुन्याच्या शेजारी उभा राही. त्याला शंभरातला एक फोन दिला जाई, मग दहा, मग निम्मे. जुना काही दिवस नुसता बसून असे. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला तो कोणत्या आवृत्तीत लिहिला आहे याची खूण असे. नव्याला जुना निरोप वाचता आलाच पाहिजे, आणि जुन्याला नव्यातलं जे कळत नाही ते सोडून पुढे जाता आलं पाहिजे, हा नियम. निखिल नावाच्या इंजिनिअरने विचारलं, न कळलेला निरोप जुन्याने सरळ परत का पाठवू नये? ते म्हणाले, "घरी पत्र आलं, त्यात एक शब्द नाही समजला, तर पत्र फाडून टाकता का तुम्ही?"

यंत्रणेत काही वाढवायला त्यांची परवानगी लागत नसे. काढायला लागे. एखादा जुना भाग कोणी चाळीस दिवस वापरला नाही, तर एकेचाळिसाव्या दिवशी काढायचा. त्यांच्यासमोर कोणी 'फायनल' म्हटलं तर ते "अजूनपर्यंतचं" अशी दुरुस्ती करत. हा शब्द कार्यालयात इतका रुळला की लग्नपत्रिका वाटायला आलेल्या एका मुलीला कुंदाताईंनी विचारलं होतं, "मुलगा अजूनपर्यंतचा ना गं?"

नव्या इंजिनिअरला ते पहिल्या आठवड्यात कृष्णपुऱ्याजवळच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानात नेत. दुकानाचं पाडून बांधणं तीन वर्षं चालू होतं आणि धंदा एक दिवस बंद नव्हता. ते दुकानदाराला दर वेळी तोच प्रश्न विचारत, "सेठ, गिऱ्हाईक आत कुठून येतं?" दुकानदार दर वेळी तेच उत्तर देई, "जहाँ दीवार नी हो, वहाँ से, भिया." एवढं ऐकवून ते इंजिनिअरला परत आणत. दुकानात त्यांनी कधी काही घेतलं नाही. दुकानदाराने एकदा ही तक्रार माझ्याकडे केली.

ते महूचे. वडील फौजेत सिग्नलमध्ये होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. चालू टेलिफोनची तार बदलताना वडील आधी नवी तार जुनीच्या शेजारून जोडत, मग जुनी कापत, आणि पलीकडे बोलणाऱ्या साहेबाला पत्ता लागत नसे, अशी एक गोष्ट ते सांगत. मी ती दोनदा ऐकली. एकदा ठिकाण तेजपूर होतं, एकदा जोधपूर.

महूहून ते स्कूटरवर येत. येण्याचे तीन रस्ते ठरवले होते आणि ते पाळीपाळीने वापरत. एक रस्ता चाळीस मिनिटं जास्त घेई. "जो रस्ता वापरला नाही तो आहे असं समजू नये," असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी ते कामावर चाळीस मिनिटं उशिरा येत आणि रजिस्टरात कारण म्हणून 'रस्ता तिसरा' लिहीत.

घरी त्यांनी स्वयंपाकघर नवीन करून घेतलं. काम चौदा महिने चाललं. एका वेळचंही जेवण चुकलं नाही. त्यांच्या पत्नी सांगत, "चौदा महिने घरात दोन ओटे, दोन शेगड्या, दोन मिसळणाचे डबे. पाहुणे बाजूला घेऊन विचारायचे, वहिनी, दीर वेगळे निघाले का?"

मंगळवारी बदलांआधी एक कसोटी असे, तिला ते हजेरी म्हणत. टेबलावर शेवेचे दोन रिकामे डबे असत. एका डब्यात कॉम्प्युटरांच्या नावाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात दोन्ही खोल्यांतल्या माणसांच्या. अकरा वाजता कुंदाताई दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढत. जो कॉम्प्युटर निघेल तो ते सगळ्यांसमोर बंद करत. बाकीच्यांनी त्याचं काम उचललं पाहिजे, फोन घेणाऱ्यांना कळतासुद्धा कामा नये. जो माणूस निघेल त्याने फोन खणात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत घरी जायचं. त्याला कोणी काही विचारायचं नाही. त्याच्यावाचून काम अडलं, तर चूक अडलेल्यांची नव्हे, गेलेल्याची. ती नोंद दुसऱ्या दिवशी त्यानेच लिहायची.

पहिल्यांदा निखिलचं नाव निघालं तेव्हा एक पासवर्ड फक्त त्यालाच माहीत असल्याचं उघड झालं. दुसऱ्या दिवशी तो कुरकुरला, "दादा, मी नव्हतो तर माझी चूक कशी?"

"तू नव्हतास म्हणूनच तर दिसली ना भिया."

त्या वर्षी जूनमध्ये त्यांना जिना चढताना दम लागू लागला. तपासणीत हृदयाच्या तीन वाहिन्या अडलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि तारीख दिली. ती त्यांनी पुढे ढकलली. मग दुसरी, मग तिसरी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या पत्नीने कार्यालयाच्या नंबरवर मला फोन केला.

"ताई, डॉक्टर म्हणतात आता उशीर केला तर ऑपरेशनच्या आधीच काही होईल. हे म्हणतात, जुने डिव्हाइस निघू द्या, मग जातो. मी नसलो तर अडेल म्हणतात. खरंच अडेल का हो?"

मी म्हणाले, माहीत नाही.

जुने डिव्हाइस म्हणजे लांबच्या तहसिलींत चालणाऱ्या नऊ गाड्यांमधली जुनी यंत्रं. ती फक्त जुन्या आवृत्तीत निरोप पाठवत. तो निरोप नव्या यंत्रणेला समजेल असा करून देणारा एक छोटा प्रोग्राम होता. त्याला सगळे दुभाषा म्हणत. दुभाषा एका जुन्या कॉम्प्युटरवर चाले. नवी यंत्रं बसली की दोघेही जाणार होते. नव्या यंत्रांची मागणी दोन वर्षं कागदावर होती.

मी मंगळवारच्या नोंदी काढून बघितल्या. माझ्या काळातले एकाहत्तर मंगळवार होते. प्रत्येकाचं नाव निदान तीनदा निघालं होतं. त्यांचं एकदाही नाही. मी हे कुंदाताईंना सांगितलं.

"त्यांची चिठ्ठी निघेल कशी?" कुंदाताई म्हणाल्या. "डब्यात आहे कुठे ती?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकाहत्तर वेळा हात घातलाय मी त्या डब्यात."

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता कुंदाताईंनी चिठ्ठी काढून वाचली. नाव दादांचं होतं. दादांनी डबा ओढून घेतला आणि दुसरी चिठ्ठी उघडली. तिच्यावरही त्यांचंच नाव. तिसरीवरही. चौदाच्या चौदा चिठ्ठ्या कुंदाताईंच्या अक्षरात होत्या.

"ये तो बेइमानी है, कुंदाताई."

"हओ, आहे. पण दादा, एकाहत्तर मंगळवार कोणाची बेइमानी होती?"

त्यांनी चिठ्ठ्या परत डब्यात भरल्या. दोन मिनिटं ते पडद्याकडे बघत उभे होते. मग फोन खणात ठेवला.

तीन वाजून दोन मिनिटांनी नऊ गाड्यांच्या खुणा एकदम राखाडी झाल्या. निखिल म्हणाला, तिकडचं नेटवर्क गेलं असेल. पण नऊ गाड्या तीन वेगवेगळ्या दिशांना होत्या. तीन वाजून सहा मिनिटांनी देपालपूरकडच्या एका गावातून फोन आला. साठीच्या बाईला श्वास लागत होता. यंत्रणेने जी गाडी सुचवली ती एकतीस किलोमीटर लांब होती. कुंदाताईंना आठवलं की राखाडी झालेल्यांपैकी एक गाडी दहा मिनिटांपूर्वी त्याच रस्त्यावर होती. त्यांनी ड्रायव्हरला सरळ फोन लावला. गाडी चौदा मिनिटांत पोचली.

मॅनेजर आतल्या खोलीत आला. "दादांना फोन लावा."

"त्यांचा फोन इथे खणात आहे," कुंदाताई म्हणाल्या.

निखिल म्हणाला, "वहिनींचा नंबर आहे माझ्याकडे."

"नको लावूस."

"कुंदाजी, ये कोई खेल है क्या?" मॅनेजरचा आवाज चढला. "इथे कोणी मेलं तर?"

"आज फोन केला तर ते ऑपरेशनला कधीच जाणार नाहीत. मग ते मरतील. मला अर्धा तास द्या. नऊ ड्रायव्हर आहेत, नवांचे नंबर पाठ आहेत मला. तेवढा वेळ एकही गाडी मी हातची जाऊ देत नाही. अर्ध्या तासात नाही झालं तर मीच लावते फोन."

मॅनेजरने घड्याळ बघितलं. तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. तो म्हणाला, "तीन एक्केचाळीस. त्याच्या पुढे एक मिनिट नाही."

कुंदाताईंनी तीन मुलींना प्रत्येकी तीन गाड्या दिल्या. दर दोन मिनिटांनी ड्रायव्हरला फोन, आणि तो कुठे आहे ते भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर. आत निखिल आणि दोघे दुभाष्याच्या मागे लागले. तीन चोवीसला निखिलला त्या जुन्या कॉम्प्युटरच्या रोजनिशीत एक ओळ सापडली. मग तीच ओळ आदल्या दिवशी सापडली, त्याच्या आदल्या दिवशीही. रोज दुपारी पावणेतीनच्या सुमारास कोणीतरी हाताने दुभाषा बंद करून पुन्हा चालू करत होतं. रविवारी, दिवाळीलाही. नाव एकच होतं.

दुभाष्यात दोष होता. एकदा चालू केला की जमा होणारे निरोप तो टाकून देत नसे आणि सुमारे चोवीस तासांत पोट भरून थांबे. पुन्हा चालू केला की चार सेकंदांत कामाला लागे. चार सेकंद कोणाच्या लक्षात येत नसत. निखिलने तो तीन अठ्ठावीसला चालू केला. नऊ खुणा एकेक करून हिरव्या झाल्या. सव्वीस मिनिटं गेली होती. त्या सव्वीस मिनिटांत त्या भागातून दोन फोन आले, दोन्ही ठिकाणी गाडी पोचली.

निखिलने मग दुसरा डबाही उलटा केला. कॉम्प्युटर बारा होते, चिठ्ठ्या अकरा. दुभाष्याच्या कॉम्प्युटरची चिठ्ठी त्यात नव्हती.

त्यांच्या पत्नीने नंतर सांगितल्याप्रमाणे, त्या दिवशी जेवण झाल्यावर ते झोपले आणि साडेचारला उठले. ते दुपारी झोपल्याचं त्यांना लग्नानंतर आठवत नव्हतं. उठल्यावर त्यांनी आधी किती वाजले ते विचारलं.

बुधवारी ते जवळच्या रस्त्याने आले, वेळेवर. माझी नोंद मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. निखिलने खुर्ची सरकवली, ती घेतली नाही.

"देपालपूरची बाई कशी आहे?"

"बरी आहे. काल रात्रीच घरी सोडलं," कुंदाताई म्हणाल्या.

"मला फोन का नाही केला?"

"तुमचाच नियम ना दादा."

मग त्यांनी नियमाप्रमाणे स्वतःची नोंद लिहिली. ती अशी आहे: 'दुभाष्याचा दोष मला दोन वर्षं एक महिना माहीत होता. दुरुस्त केला नाही, कारण दुभाषा जाणारच होता. रोज हाताने चालू करत होतो. रोज आठवत होतं, म्हणून कोणाला सांगितलं नाही. त्याच्या कॉम्प्युटरची चिठ्ठी मी डब्यात टाकली नाही. माझीही टाकली नाही. दोन्हींचं कारण एकच.' कारण काय ते त्यांनी लिहिलेलं नाही. मी त्यात एकही शब्द बदलला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी ऑपरेशनची चौथी तारीख मागितली. मिळाली ती तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारची. त्या तीन आठवड्यांत निखिलने दुसऱ्या कॉम्प्युटरांवर नवे दुभाषे दोन केले. एक काम करी तेव्हा दुसरा रिकामा होऊन तयार राही. हे करताना दादांनी काहीही सांगायचं नाही, असं कुंदाताईंनी ठरवलं होतं. ते निखिलच्या मागे खुर्ची टाकून बसत. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीतून कुंदाताईंचा आवाज आला, "दादा, तुम्ही घरी आहात."

भरती होण्याआधी डॉक्टरांशी त्यांचं बोलणं झालं. मी तिथे नव्हते. त्यांच्या पत्नीने सांगितलं ते देते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "बंद करून करणार, की चालू ठेवून?" डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग ते हसले. म्हणाले, धडधडत्या हृदयावरही करता येते, आधी तसंच करून बघतो, गरज पडली तर थांबवून मशीनवर घेतो. त्यांनी विचारलं, "अन् ते मशीन शेवटचं कधी चालवलं?" डॉक्टर म्हणाले, "काल." पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे यानंतर त्यांनी सही केली.

त्या मंगळवारी अकरा वाजता हजेरी झाली. डब्यात बारा आणि पंधरा चिठ्ठ्या होत्या. निघालेली चिठ्ठी जुन्या कॉम्प्युटरची नव्हती, तरी ठरल्याप्रमाणे तोही त्याच दिवशी बंद केला. जुना दुभाषा अकरा सतराला थांबला. त्या नऊ धरून सोळा गाड्या रस्त्यावर होत्या. सोळाही पडद्यावर दिसत राहिल्या. संध्याकाळी पाच वाजता पत्नीचा फोन आला: ऑपरेशन झालं, ते शुद्धीवर आहेत. हृदय सत्तेचाळीस मिनिटं थांबवावं लागलं, असं दवाखान्याच्या कागदावर आहे.

जानेवारीत ते एकदा कार्यालयात आले. बाहेरच्या खोलीत कुंदाताईंच्या शेजारी तासभर बसले. फोन येत होते, गाड्या जात होत्या. आतल्या खोलीत त्यांना विचारण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. चहा घेऊन ते गेले.

मार्चमध्ये त्यांची जागा रद्द करण्यात आली. आदेशाची प्रत नोंदीसाठी माझ्याकडे आली, सोबत ज्या शिफारशीवरून आदेश निघाला ते पत्रही होतं. शिफारशीच्या पत्रावर सही त्यांची आहे. तारीख ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, सोमवारची.